२८ प्रश्न कोरे सोडून ३५ मिनिटं आधी का उठलीस गं?

या वेळचं पत्र एका ब्रोकरच्या शाखेत काम करणाऱ्या ताईचं आहे. नाव छापू नका म्हणालीय, तेव्हा नाव नाही. पत्र थोडं कापलंय, बाकी तिचंच.

"ताई, नमस्कार. मी एका ब्रोकरकडे बॅक ऑफिसला आहे, केवायसी, लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट असलं सगळं बघते. आता मॅनेजर म्हणतायत डीलिंग डेस्कवर (क्लायंटच्या ऑर्डर टाकतात तिथे) ये, पगार वाढेल, फक्त एनआयएसएमची (शेअर बाजाराची नियंत्रक सेबी, तिची शिक्षणसंस्था) सिरीज आठ, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची (शेअर किंवा इंडेक्सच्या भावावर बेतलेल्या करारांची) परीक्षा पास व्हायला लागेल. मी बी.ए. झालेली, गणिताशी दहावीनंतर संबंध नाही. एका ग्रुपवरून १२०० प्रश्नांची पीडीएफ घेतली आणि दोन महिने रोज रात्री पाठ केली. परीक्षेत ५८.२५ मार्क पडले, पासिंग ६० ला आहे. निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने मी २८ प्रश्न सोडून दिले. ३५ मिनिटं शिल्लक होती पण म्हटलं उगाच हात लावला तर आहे तेही जातील, म्हणून सबमिट केलं आणि उठले. बाहेर आल्यावर रडूच आलं. नवरा म्हणतो थोडे पैसे टाकून स्वतः ऑप्शन कर, आपोआप समजेल. मॅनेजर म्हणतात पुढच्या महिन्यात परत दे, तोवर शेजारच्या मुलाच्या आयडीवर बसून काम शिकून घे. मला काहीच सुचत नाहीये. माझ्याच्याने होईल का हे?"

अगं, रडायचं नंतर बघू, आधी एक हिशोब करू. १०० पैकी २८ सोडलेस, म्हणजे तू ७२ प्रश्न सोडवलेस. सगळे बरोबर आले असते तर ७२ मिळाले असते. तुला ५८.२५ मिळाले म्हणजे १३.७५ कमी. आता एक चूक किती खाते बघ, मिळायचा होता तो १ मार्क गेला आणि वरून पाव मार्क कापला, झाले सव्वा. १३.७५ ला १.२५ ने भाग, ११ येतात. म्हणजे तुझे ११ चुकले आणि ६१ बरोबर आले. हात लावलेल्या दर १०० प्रश्नांत साधारण ८५ बरोबर, ही बी.ए.वाली, गणित न येणारी बाई! तुझ्यापेक्षा वाईट नेम असलेले लोक पास होऊन डेस्कवर बसलेत, विश्वास ठेव.

आता त्या २८ चं बघू, कारण तू नापास तिथे झालीस. समज तू ते २८ च्या २८ डोळे मिटून मारले असतेस, काहीही न वाचता, प्रत्येकाला 'ब' ठोकून दिला असतास. चार पर्यायांत एक बरोबर असतो, म्हणजे सरासरीने ७ बरोबर आणि २१ चूक. ७ मिळाले, २१ चे ५.२५ कापले, उरले १.७५. तुझ्या ५८.२५ मध्ये १.७५ मिळव.

६०.

मला स्वतःलाही हे लिहिताना हसू आलं, इतकं नेमकं येईल असं वाटलं नव्हतं. अर्थात हा सरासरीचा हिशोब आहे, प्रत्यक्षात तुक्के कधी ९ लागतात कधी ४, त्यामुळे डोळे मिटून मार असं मी अजिबात सांगत नाहीये. पण निगेटिव्ह मार्किंगचा जो बागुलबुवा डोक्यात बसलाय ना, तो पाव मार्काचा आहे एवढं लक्षात घे. चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर उरलेल्या तिनात तुक्का मारला तरी सरासरी फायद्याची आहे. दोन पर्याय उडवता आले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.३७५ मार्क हातात येतात. तुझ्या २८ पैकी निम्म्या ठिकाणी जरी दोन पर्याय उडवता आले असते तरी १४ प्रश्नांचे सव्वापाच मार्क, म्हणजे तू साडेत्रेसष्टला पास होऊन घरी गेली असतीस. आणि ३५ मिनिटं होती तुझ्याकडे! कोरा तोच सोडायचा जिथे प्रश्न काय विचारतोय हेच कळलं नाही, आणि असे २८ नसतात, अभ्यास करून गेलेल्या माणसाचे तर नसतातच.

पर्याय उडवायचे कसे हा खरा प्रश्न आहे आणि तिथेच तुझी १२०० प्रश्नांची पीडीएफ तुझ्या मुळावर आलीय असं मला वाटतं. पाठ केलेलं उत्तर एक तर आठवतं नाहीतर नाही, मधलं काही नसतं. प्रश्नातला आकडा बदलला की माणूस कोरा. ज्याने मांडणी केलीय त्याला अर्धवट आठवलं तरी दोन पर्याय तरी उडवता येतात.

एक उदाहरण घेऊन बघू, कागद पेन घे. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा हक्क, तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम, मुदत संपते ती एक्स्पायरी, आणि ना नफा ना तोटा तो भाव म्हणजे ब्रेकइव्हन. एका ट्रेडरने २२,००० चा कॉल १५० रुपये प्रीमियमला घेतला आणि त्याच एक्स्पायरीचा २२,२०० चा कॉल ७० ला विकला. ब्रेकइव्हन किती? पर्याय समज असे, २२,१५०, २२,१२०, २२,०८०, २१,९२०. आता पर्यायांकडे नीट बघ, हे आकडे हवेतून आलेले नसतात, प्रश्न काढणाऱ्याने प्रत्येक चुकीसाठी एकेक दार उघडं ठेवलेलं असतं. २२,१५० कुणाचं उत्तर येणार, तर जो दुसरा कॉल विकलाय हे विसरला त्याचं, नुसता २२,००० अधिक १५०. २१,९२० त्याचं ज्याने कॉलला पुटचा नियम लावला आणि वजाबाकी केली. खिशातून गेले १५०, आले ७०, म्हणजे निव्वळ गेले ८०. हे ८० म्हणजेच जास्तीत जास्त तोटा. दोन स्ट्राइकमधला फरक २००, त्यातून ८० गेले की १२० हा जास्तीत जास्त नफा, आणि २२,१२० हे त्या १२० वरून बनवलेलं सापळ्याचं उत्तर. ब्रेकइव्हन खालचा स्ट्राइक अधिक ८०, म्हणजे २२,०८०. आता समज तुला पूर्ण स्प्रेड (एक ऑप्शन घेऊन दुसरा विकायची ही जोडी) आठवतच नाहीये, फक्त एवढंच माहितीये की कॉल घेतलेल्या माणसाला भाव स्ट्राइकच्या वर गेल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि दुसरा कॉल विकून आलेल्या पैशाने खर्च कमी होतो. तेवढ्यावर २१,९२० उडालं आणि २२,१५० पण उडालं. राहिले दोन. मार मग बिनधास्त.

तर पीडीएफ बंद कर. डिलीट नको करूस, पैसे दिलेत, शेवटच्या आठवड्यात मॉक म्हणून वापर, तेही उत्तरं झाकून. पण एक सांगते, असल्या पीडीएफमध्ये लॉट साइज (एका लॉटमध्ये किती नग) जुने असतात, एसटीटीचे (सौद्यावरच्या कराचे) दर जुने असतात, एक्स्पायरीचा वार जुना असतो, आणि काही उत्तरं तर सरळ चूक असतात. 'हुबेहूब पेपर' म्हणून विकणारा माणूस परीक्षा कशी चालते हे तरी कुठे सांगतो, प्रश्न मोठ्या प्रश्नपेढीतून येतात, तुझ्या शेजारी बसलेल्याचा पेपर सुद्धा वेगळा असतो.

अभ्यासाला एनआयएसएमचं स्वतःचं वर्कबुक घे, त्यांच्याच साइटवर आहे, पेपर त्याच्यावरच निघतो. सुरुवातीला कोणत्या धड्याला किती वजन आहे तो तक्ता असतो, आधी तो बघ. फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला घ्यायचा-विकायचा करार), ऑप्शन आणि त्यांच्या स्ट्रॅटेजी हा सगळ्यात मोठा तुकडा आहे, तुझ्या महिन्याची निम्म्याहून जास्त रात्र तिथे जाऊ दे. वर्कबुक इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नकोस, गोष्टीचं पुस्तक नाहीये ते, तेच तेच साठ सत्तर शब्द फिरून फिरून येतात. फक्त एक कर, ऑप्शन विकणाऱ्याला ते कुठे सेलर म्हणतात, कुठे रायटर, कुठे शॉर्ट, माणूस एकच, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आणि प्रश्नात 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' दिसला की तिथे दोन सेकंद थांब, कितीतरी सोपे मार्क घाईत तिथे सांडतात.

ऑप्शनसाठी सूत्रं पाठ करू नकोस, दोनच गोष्टी लागतात. कॉलचा ब्रेकइव्हन स्ट्राइक अधिक प्रीमियम, पुटचा स्ट्राइक वजा प्रीमियम. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा ब्रेकइव्हन एकच असतो, कारण एकाचा जेवढा नफा तेवढाच दुसऱ्याचा तोटा. घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता, विकणाऱ्याचा नफा प्रीमियमपुरता. कॉल विकणाऱ्याच्या तोट्याला छत नाही. पुट विकणाऱ्याच्या तोट्याला मात्र तळ आहे, शेअर शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे स्ट्राइक वजा प्रीमियम एवढाच जास्तीत जास्त तोटा, आणि हे विचारतात बरं का, कारण बहुतेक जण तिथे 'अमर्याद' ठोकून येतात. रोज रात्री एक चित्र काढ, आडवी रेष भावाची, उभी नफा-तोट्याची, स्ट्राइकपाशी रेघ वाकव. कॉल घेतला, कॉल विकला, पुट घेतला, पुट विकला, चारच चित्रं. ती हाताला बसली की स्ट्रॅडल, स्ट्रँगल, स्प्रेड या स्ट्रॅटेजी त्यातलीच दोन चित्रं एकावर एक ठेवून निघतात, आणि कव्हर्ड कॉल, प्रोटेक्टिव्ह पुटला त्यातलं एक चित्र घेतलेल्या शेअरच्या तिरक्या रेषेवर ठेवायचं.

इंट्रिन्सिक (हक्क आत्ता वापरला तर सुटणारे पैसे) आणि टाइम व्हॅल्यूचे (प्रीमियममधला उरलेला भाग) प्रश्न तर फुकटचे मार्क. स्पॉट (बाजारातला आत्ताचा भाव) २२,१८०, २२,००० चा कॉल २४० ला, मग १८० इंट्रिन्सिक आणि ६० टाइम. त्याच स्ट्राइकचा पुट ७० ला असेल तर इंट्रिन्सिक शून्य आणि ७० च्या ७० टाइम व्हॅल्यू. इथे वजा १८० लिहून येणारे लोक आहेत, इंट्रिन्सिक व्हॅल्यू कधी मायनस नसते.

फ्युचर्समध्ये मार्क टू मार्केट, म्हणजे रोज संध्याकाळच्या भावावर नफा-तोटा मिटवणं. तू लेजर बघतेस, तुला तर हे बाकीच्यांपेक्षा सोपं जायला पाहिजे. ७५ चा एक लॉट २२,१०० ला घेतला, संध्याकाळी सेटलमेंट २२,०४० ला, ६० गुणिले ७५ म्हणजे ४,५०० खात्यातून गेले. दुसऱ्या दिवशी २२,१५० ला विकला. दुसऱ्या दिवशी खात्यात किती आले? पटकन हात जातो ५० गुणिले ७५ कडे, ३,७५० कडे. पण कालच हिशोब २२,०४० ला झालेला आहे, म्हणून ११० गुणिले ७५, ८,२५० आले. दोन्ही दिवस मिळून ३,७५० नफा, तो एकूण. प्रश्न दिवसाचा आहे की एकूणाचा हे आधी बघायचं. तुझ्या ऑफिसात क्लायंट फोन करून भांडतात ना, 'भाव वर गेला तरी काल पैसे का कापले', ते हेच.

हेजिंगचा (भाव पडला तर तोटा भरून निघावा म्हणून उलटा सौदा) एक प्रश्न पण ठरलेला असतो. पोर्टफोलिओ ३० लाखांचा, बीटा (बाजाराच्या किती पट हलतो) १.२, निफ्टी २४,००० आणि लॉट ७५ चा दिलाय. ३० लाख गुणिले १.२ म्हणजे ३६ लाखांचं फ्युचर विकायचं, एका लॉटची किंमत २४,००० गुणिले ७५ म्हणजे १८ लाख, दोन लॉट. झालं. यात बी.ए. आणि बी.कॉम.चा काय संबंध?

हा, आता ऑफिसात काम करणाऱ्यांचा एक खास घोटाळा. तुला रोज टर्मिनलच्या बाजूला बसून बरंच काही माहीत आहे आणि ते वर्कबुकशी जुळेलच असं नाही. डेरिव्हेटिव्हचे नियम मधल्या काळात खूप हललेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाखांवर नेली, वीकली एक्स्पायरी दर एक्स्चेंजला एकाच इंडेक्सवर आणली, त्यानंतर सप्टेंबर २०२५ पासून एनएसईची एक्स्पायरी मंगळवारवर आणि बीएसईची गुरुवारवर गेली. वर्कबुक ठराविक तारखेची आवृत्ती असते. ऑफिसात ऐकलेलं एक आणि वर्कबुकात छापलेलं दुसरं असेल तर त्या दोन तासांसाठी वर्कबुक खरं. म्हणून मागच्या वेळी डाउनलोड केलेलं तसंच वापरू नकोस, नवी आवृत्ती आलीय का आणि परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे हे तारीख घ्यायच्या आधी तपास.

तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की तुझ्या २८ मधले बरेचसे मागच्या धड्यांतले असणार, कायदा, क्लिअरिंग, हिशोब, टॅक्स, विक्रीतली वागणूक. सगळे ते शेवटी ठेवतात आणि मग राहून जातात. वजन कमी आहे खरं, पण गणित शून्य आहे, दोन रात्रीत होतात. तारखा सुट्या पाठ केल्या तर विसरशील, गोष्टीसारख्या ओळीत लाव. आधी एल. सी. गुप्ता समितीने नियमांची चौकट सुचवली, मग जे. आर. वर्मा गटाने मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) आणि जोखमीचं बघितलं, मग १९९९ मध्ये १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट कायद्यात बदल करून डेरिव्हेटिव्हला सिक्युरिटीच्या व्याख्येत घेतलं, मग जून २००० ला इंडेक्स फ्युचर्स सुरू झाले, २००१ च्या जूनला इंडेक्स ऑप्शन, जुलैला शेअरचे ऑप्शन आणि नोव्हेंबरला शेअरचे फ्युचर्स. शेअरचे ऑप्शन आधी आले आणि फ्युचर्स नंतर, उलटं वाटतं म्हणूनच लक्षात राहतं. तसंच इंडेक्सचा हिशोब पैशात मिटतो आणि शेअरच्या डेरिव्हेटिव्हला प्रत्यक्ष शेअरची डिलिव्हरी असते, यावर फिरवून फिरवून विचारता येतं.

आता नवरोबांचा सल्ला. त्यांचा हेतू चांगला आहे पण नको. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने अभ्यास काढला होता, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १ कोटीपेक्षा जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. एवढी महाग शिकवणी कशाला लावायची? शिवाय पैसे लावून माणूस शिकतो ते धडधड आणि हाव, ब्रेकइव्हन तर ॲप स्वतःच काढून दाखवतं, त्यामुळे परीक्षेला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुला बाजाराची सवयच हवी असेल तर ऑप्शन चेन (सगळ्या स्ट्राइकच्या भावांचा तक्ता) उघड, कागदावर एक सौदा लिही, संध्याकाळी क्लोजिंगवरून स्वतः नफा-तोटा काढ. रुपया लागत नाही. आणि ब्रोकरच्या माणसांनी स्वतःचे सौदे करण्यावर ऑफिसची काही पॉलिसी असते, ती न वाचता तर खातं उघडूच नकोस.

मॅनेजरचं 'शेजारच्या मुलाच्या आयडीवर बस' हे मात्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर डोकंच फिरलं. नाही बसायचं. परीक्षा नापास होणं हा दोन-चार आठवड्यांचा त्रास आहे, दुसऱ्याच्या लॉगिनवरून ऑर्डर टाकणं ही नोकरी घालवायची गोष्ट आहे. टर्मिनलचा आयडी एका माणसाच्या नावावर मंजूर असतो, त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे म्हणून मंजूर असतो. उद्या एखादा क्लायंट म्हणाला की मी हा सौदा सांगितलाच नव्हता, की कॉल रेकॉर्डिंग काढणार, त्यावर आवाज तुझा आणि सिस्टिममध्ये आयडी त्या मुलाचा. मग तो मुलगा पण अडकला आणि तू पण. मॅनेजर त्या वेळी 'मी असं कधी म्हणालोच नाही' म्हणणार, कारण तोंडी सांगितलेल्याला पुरावा नसतो.

नकार भांडून द्यायची गरज नाही. सरळ म्हण, "सर, सर्टिफिकेट येईपर्यंत मी टर्मिनलला हात नाही लावत, ऑडिटला अडचण होईल. तोवर मागे बसून बघते, मार्जिन रिपोर्ट आणि लेजर माझ्याकडे द्या." ऑडिट हा शब्द ब्रोकरच्या ऑफिसात चांगला चालतो. तरी रेटलं तर "सर, तेवढं मेलवर टाकता का" असं विचार, आपोआप विषय बंद होईल. आणि त्या शेजारच्या मुलालाही हळूच सांग की पासवर्ड देत जाऊ नकोस, तो बिचारा नाही म्हणायला घाबरत असेल.

पुढच्या महिन्याची तारीख घे, ती ठीक आहे, जास्त लांबवलंस तर जे ६१ बरोबर आलेत तेही पुसट होतील. फी परत भरावी लागेल, ऑफिस देतंय का विचारायला लाजू नकोस, काम त्यांचंच आहे. पेपरला १०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, भरपूर आहेत. पहिल्या फेरीत जे वाचल्या वाचल्या येतात ते घे, कायदा-बियदा, व्याख्या, सेटलमेंट. दुसऱ्या फेरीत गणितं, आता घाई नाही, मांडून कर. तिसऱ्या फेरीत उरलेल्यांपाशी जा आणि उत्तर शोधू नकोस, चुकीचे पर्याय शोध. एक जरी उडाला तरी टिक कर. घड्याळ शून्यावर येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, बाथरूमला जायचं असेल तर आधी जाऊन ये.

जायच्या आधी घरी दोन-तीन मॉक पूर्ण वेळ लावून दे, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि प्रत्येक मॉकनंतर तीन आकडे लिही, किती बरोबर, किती चूक, किती कोरे. मार्कांपेक्षा मला त्या तिसऱ्या आकड्यात रस आहे, तो ५-६ च्या खाली आला की तू तयार आहेस. न जमलेल्या प्रश्नांपुढे कारण एका शब्दात लिही, मांडणी, वाचन की पाठांतर. 'वाचन' जास्त वेळा आलं तर इंग्रजी नाही, घाई आडवी येतीय.

पास झालीस की सर्टिफिकेटवर तारीख बघ, ते ३ वर्षं चालतं. संपायच्या आधी रिन्यू करायचं असतं, ती तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेव, कारण डेस्कवर बसल्यावर तुला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही आणि एचआरवाले शेवटच्या आठवड्यात जागे होतात. निकाल काय लागला ते कळव, आणि कोरे किती सोडलेस तेही लिही.